कर्कवृत्त, मही नदी आणि इंदूरची मध्यान्हीची सावली

सामान्य ज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत, मग ती गणेशोत्सवातली असो, शाळेतली असो की स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी घेतलेली असो, कर्कवृत्तावरचे दोन प्रश्न हमखास असतात. हे वृत्त भारतातील किती राज्यांतून जाते, हा पहिला; आणि ते दोनदा ओलांडणारी भारतातील नदी कोणती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आठ: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम. दुसऱ्याचे उत्तर मही. इंदूरच्या मराठी घरांतली मुले ही उत्तरे न अडखळता देतात. पण ती रेषा आपल्या शहराच्या उत्तरेला जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, मही नदी शेजारच्या धार जिल्ह्यात उगम पावते, आणि त्या रेषेचा अर्थ आपल्याच गच्चीवर उन्हात एक काठी उभी करून तपासता येतो, हे त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते. माझ्या मते उत्तर पाठ करून घेण्यापेक्षा हे सांगणे कितीतरी महत्त्वाचे आहे, कारण या एका रेषेशी भूगोल, खगोल, गणित, इतिहास आणि आपल्या भिंतीवरचे घड्याळ अशा सगळ्यांचा संबंध येतो.

आधी नदीचा प्रश्न घेऊ. माळव्याचे पठार दक्षिणेकडे उंच आणि उत्तरेकडे उतरते आहे. त्याची दक्षिण कड म्हणजे विंध्याची रांग. तिच्यापलीकडे जमीन एकदम नर्मदेच्या खोऱ्यात कोसळते. त्यामुळे महूजवळच्या जानापावच्या डोंगरापासून निघणारी चंबळ असो किंवा इंदूर-देवास परिसरात उगम पावणारी क्षिप्रा असो, माळव्याच्या नद्या समुद्राकडे पाठ करून उत्तरेला वाहतात आणि यमुना-गंगेच्या मार्गाने शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतात. महीसुद्धा धार जिल्ह्यात सरदारपूरजवळ उगम पावून अशीच उत्तरेला निघते. तिचा उगम जवळपास इंदूरच्याच अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. झाबुआ आणि रतलामच्या मुलखातून वाहत ती राजस्थानात बांसवाड्याकडे जाते आणि जाताना कर्कवृत्त पहिल्यांदा ओलांडते. पुढे उत्तरेला मेवाडचा डोंगराळ प्रदेश आहे. डुंगरपूर जिल्ह्यातील बेणेश्वर येथे सोम आणि जाखम या नद्यांशी तिचा संगम होतो आणि त्या टापूत तिचा प्रवाह नैऋत्येला वळतो. मग गुजरातेत उतरताना ती कर्कवृत्त दुसऱ्यांदा ओलांडते, कडाणा धरणातून पुढे येते आणि बडोद्याच्या उत्तरेकडून जाऊन खंभातच्या आखाताला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे ५८० किलोमीटर आहे. चंबळेसारखीच उत्तरेला निघूनही ती अरबी समुद्राला मिळते. पठाराचा उतार तिला उत्तरेला नेतो आणि समोरची उंच भूमी तिला परत फिरवते, एवढे लक्षात आले की ‘मही’ हे उत्तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. जाता जाता हेही सांगण्यासारखे आहे, की याच प्रकारे आफ्रिकेतील लिंपोपो नदी मकरवृत्त दोनदा ओलांडते आणि काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते.

आता मूळ रेषेकडे येऊ. नकाशावर कर्कवृत्त तुटक रेषेने दाखवलेले असते, त्यामुळे ते राज्याच्या सीमेसारखे कोणीतरी ठरवून आखले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते पृथ्वीच्या कलण्यामुळे ठरते. पृथ्वी स्वतःभोवती ज्या अक्षावर फिरते तो अक्ष सूर्याभोवतीच्या तिच्या कक्षेच्या पातळीवर सरळ उभा नाही. उभ्या दिशेपासून तो सुमारे २३.४४ अंशांनी कललेला आहे. वर्षभर पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पण अक्षाच्या कलाची दिशा आकाशात जवळजवळ तीच राहते. त्यामुळे वर्षातल्या एका टप्प्यावर उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि सहा महिन्यांनी दक्षिण गोलार्ध. जमिनीवरून पाहणाऱ्याला याचा अनुभव असा येतो, की भरमध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असणारी जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ती जागा विषुववृत्तावर असते, २१ जूनच्या सुमारास ती सर्वात उत्तरेला पोहोचते आणि २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सर्वात दक्षिणेला. उत्तरेकडच्या त्या शेवटच्या मर्यादेला आपण कर्कवृत्त म्हणतो आणि दक्षिणेकडच्या मर्यादेला मकरवृत्त. पृथ्वीचा अक्ष २३.४४ अंशांनी कललेला आहे म्हणून कर्कवृत्त २३.४४ उत्तर अक्षांशावर आहे. ते दोन आकडे वेगवेगळे पाठ करण्याची गरज नाही.

यातून एक नियम निघतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या दिशेने असलेल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो: एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परत येताना. कर्कवृत्तावरच्या गावात हे वर्षातून एकदाच घडते आणि त्याच्या उत्तरेला कधीच घडत नाही. मराठी माणसांच्या तीन जुन्या संस्थानी शहरांना हा नियम लावून पाहण्यासारखा आहे. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश आहे, म्हणून इथे सूर्य जूनच्या ६-७ तारखेला आणि जुलैच्या ५-६ तारखेला डोक्यावर येतो. बडोदे थोडे अधिक दक्षिणेला, २२.३ अंशांवर आहे. तिथे या तारखा ३ जून आणि ९-१० जुलैच्या सुमारास येतात. ग्वाल्हेर २६.२ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या सुमारे ३०० किलोमीटर उत्तरेला आहे, त्यामुळे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर सूर्य कधीच बरोबर येत नाही. मुंबई-पुण्याकडे हेच दिवस मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतात. अशा दिवसाला आता सर्वत्र शून्य सावली दिवस म्हणतात, कारण त्या मध्यान्ही सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच जिरते.

हे पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा नळी ओळंबा लावून सपाट गच्चीवर उभी करावी आणि वर्षभरात काही ठरावीक दिवशी तिची मध्यान्हीची सावली खडूने आखून ठेवावी. इंदूरमध्ये २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली जवळजवळ काठीएवढीच, म्हणजे १०४ सेंटिमीटर भरते आणि ती उत्तरेकडे पडते. मग ती दिवसेंदिवस आखूड होत जाते, जूनच्या पहिल्या आठवड्यात नाहीशी होते, आणि त्यानंतर जे घडते ते मला या सगळ्या विषयातले सर्वात लक्षणीय वाटते: सुमारे महिनाभर मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते, पण दिशा बदललेली असते. त्याच दिवशी ग्वाल्हेरमध्ये तेवढ्याच काठीची सावली सुमारे ५ सेंटिमीटर असते आणि तिथे ती नेहमीप्रमाणे उत्तरेलाच पडते. इंदूर आणि ग्वाल्हेर यांच्यामध्ये कर्कवृत्त आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नकाशाही देत नाही.

निरीक्षण करताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाएवढी तबकडी आहे, म्हणून सावलीची कड थोडी अस्पष्ट असते आणि शून्य सावली नेमक्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी-नंतरही जवळजवळ तशीच दिसते. दुसरे म्हणजे, जुलैच्या पहिल्या आठवड्यात माळव्यावर पावसाचे ढग असतात, त्यामुळे इंदूरकरांनी जूनची संधी सोडू नये.

तिसरा मुद्दा वेळेचा आहे आणि तो सविस्तर सांगावा लागेल, कारण बरोबर बाराला गच्चीवर जाणाऱ्याला सावली दिसेलच. इंदूरमध्ये ६ जूनला खरा मध्यान्ह साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी होतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे. इंदूर सुमारे ७५.९ रेखांशावर, म्हणजे साडेसहा अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य मिर्झापूरच्या माथ्यावरून इंदूरच्या माथ्यावर यायला सुमारे साडेसव्वीस मिनिटे घेतो. बडोद्याला हाच फरक ३७ मिनिटांचा आहे आणि ग्वाल्हेरला १७ मिनिटांचा. देशाचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे २९ अंशांचा असल्यामुळे अरुणाचलच्या पूर्व टोकाच्या आणि कच्छच्या पश्चिम टोकाच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, परंतु मुंबई शहरात जुनी मुंबई वेळ पुढे कित्येक वर्षे, १९५५ पर्यंत चालू राहिली आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. जुन्या मराठी लेखनात ‘मुंबई टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ असे दोन उल्लेख भेटतात ते यामुळेच.

या साडेसव्वीस मिनिटांतही वर्षभर चढउतार होतो. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी सूर्याचा मध्यान्ह कधी घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. इंदूरमध्ये तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास. आपल्या घड्याळातले बारा हे वर्षभराची सरासरी काढून ठरवलेले बारा आहेत.

इंदूरहून उज्जैनला निघालो की आपण कर्कवृत्ताच्या दिशेने जातो, पण उज्जैन कर्कवृत्तावर वसलेले आहे हे प्रचलित विधान काटेकोर नाही. शहराचा अक्षांश सुमारे २३.२ अंश आहे आणि कर्कवृत्त त्याच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. महिदपूरकडच्या डोंगला या गावाजवळून ते जाते. तिथे आता वेधशाळा उभी आहे आणि त्या जागेचा शोध डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या नावाशी जोडला जातो. भीमबेटकाच्या शैलचित्रांचा शोध १९५७ मध्ये लावणारे वाकणकर हेच. तरीही २१ जूनला उज्जैनच्या जुन्या वेधशाळेत सावली नाहीशी झालेली पाहायला लोक जमतात आणि ती खरोखरच दिसत नाही. याचे कारण वर आलेच आहे: त्या दिवशी सूर्याचा मध्य उज्जैनच्या माथ्यापासून केवळ पाव अंश दूर असतो, तबकडीची त्रिज्याही तेवढीच आहे, आणि एक मीटरच्या काठीची साडेचार मिलिमीटरची अस्पष्ट सावली डोळ्यांना जाणवत नाही. गणिताने पाहिले तर उज्जैनचे शून्य सावली दिवस जूनच्या १२-१३ तारखेला आणि ३० तारखेच्या आसपास येतात.

उज्जैनचे खगोलातले स्थान मात्र अक्षांशापेक्षा रेखांशामुळे मोठे झाले. सूर्यसिद्धान्तात लंका, अवंती आणि रोहीतक यांवरून जाणारी रेषा मध्यरेषा मानली आहे, आणि अवंती म्हणजेच उज्जयिनी. ग्रीनिचच्या कित्येक शतके आधी भारतीय पंचांगकर्ते आपल्या गावाचा रेखांश उज्जयिनीपासून मोजत होते. सहाव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ वराहमिहिर याच नगरीचा. इंदूर जवळजवळ त्याच मध्यरेषेवर आहे. दोन्ही शहरांच्या मध्यान्हांत अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, मथुरा आणि वाराणसी यांच्याबरोबर उज्जैनलाही वेधशाळा बांधली. पुढे ती मोडकळीस आली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करवली, कारण उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, जिन्यासारखी चढत जाणारी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिचा चढ उज्जैनच्या अक्षांशाएवढा ठेवलेला असल्यामुळे तिची वरची कड थेट ध्रुवाकडे रोखलेली असते आणि तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर समान वेगाने सरकते. म्हणूनच ती वेळ दाखवू शकते. इंदूरच्या प्रत्येक मुलाने एकदा तरी दुपारी उन्हात उभे राहून या यंत्राची सावली सरकताना पाहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सावलीवरून पृथ्वी मोजण्याची युक्तीही याच विषयातली आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एरातोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने असे जाणले, की सायीन या गावी, म्हणजे आजच्या अस्वानला, वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशी मध्यान्ही सावली पडत नाही, आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्य माथ्यापासून ७.२ अंश ढळलेला असतो. ७.२ अंश हा पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग आहे, म्हणून दोन गावांतल्या अंतराला ५० ने गुणले की पृथ्वीचा परीघ मिळतो. हा प्रयोग इंदूर आणि ग्वाल्हेर यांच्यात अगदी सहज होऊ शकतो, कारण इंदूरच्या मराठी घरांत ग्वाल्हेरला मावशी, आत्या किंवा मामा असणे नवलाचे नाही. इंदूरला सावली शून्य होते त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या नातलगांनी तिथल्या मध्यान्ही, म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास, एक मीटरच्या काठीची सावली मोजावी. ती ६ सेंटिमीटरच्या जवळपास भरेल, आणि त्यावरून कोन साडेतीन अंशांचा येईल. दोन्ही शहरांचे निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून मोजले तर ते सुमारे ३९० किलोमीटर आहे. साडेतीन अंशांना ३९० तर ३६० अंशांना किती, या त्रैराशिकाचे उत्तर ४० हजार किलोमीटरच्या आसपास येते आणि पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे. इथे रस्त्याचे किंवा रेल्वेचे अंतर घेऊ नये, कारण ग्वाल्हेर इंदूरच्या थेट उत्तरेला नसून ईशान्येला आहे. प्रत्येकाने आपापल्या गावच्या मध्यान्ही मोजले की रेखांशातला फरक आपोआप बाद होतो. सावली मोजण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी उत्तर तीन-साडेतीन हजार किलोमीटरने बदलेल. म्हणून काठी जितकी उंच तितके चांगले.

सूर्य जूनमध्ये सर्वात उंच असतो तर माळव्यात सर्वाधिक उकाडा मेमध्ये का, असा प्रश्न यावर विचारला जातो आणि तो योग्य आहे. उत्तर ढगांत आहे: जूनमध्ये मोसमी वारे येऊन पोहोचतात आणि ऊन अडते. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते हा समज मात्र पूर्ण चुकीचा आहे. ती सूर्याच्या सर्वात जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वात दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला.

संक्रांतीचा प्रश्न त्याहून खोल आहे. आपण १४-१५ जानेवारीला उत्तरायण सुरू झाले असे म्हणून तिळगूळ वाटतो, पण गच्चीवरची काठी तर २२ डिसेंबरनंतरच सावली आखूड झाल्याचे दाखवते. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सावली सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे मोजते, तर मकरसंक्रांत सूर्याचा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील मकर राशीतला प्रवेश मोजते. पृथ्वीचा अक्ष मंदावत्या भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश घिरट्या घेतो. एका फेरीला जवळजवळ २६ हजार वर्षे लागतात. त्यामुळे ऋतू आणि तारे यांची सांगड साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने सुटते. सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणारंभ आणि मकरसंक्रांत एकाच दिवशी येत होते, आज त्यांत २३-२४ दिवसांचे अंतर आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, हे सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांतही असते. तेव्हा १२ तारखेला येणारी संक्रांत आता १४-१५ तारखेला येते, हा त्या सरकण्याचा चालता-बोलता दाखला आहे.

या घिरट्यांनी कर्कवृत्ताची जागा बदलत नाही, कारण त्यांत अक्षाच्या कलाची दिशा बदलते, कलाचा कोन नव्हे. पण तो कोनही स्थिर नाही. सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनात तो साधारण २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलतो आणि सध्या कमी होत आहे. त्यामुळे कर्कवृत्त सरासरीने दरवर्षी १४-१५ मीटर दक्षिणेकडे सरकते. भोपाळहून सांचीकडे जाताना रस्त्याच्या कडेला कर्कवृत्ताची खूण केलेली आहे. दहा वर्षांत खरी रेषा अशा कोणत्याही खुणेपासून सुमारे दीडशे मीटर हललेली असते. वराहमिहिराच्या काळी ती उज्जैनच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर होती, आज तीसेक किलोमीटरवर आहे, आणि याच गतीने ती उज्जैनच्या वेधशाळेपर्यंत सुमारे दोन हजार वर्षांनी पोहोचेल.